चिकनगुनियाची नक्कल

मला लिहिता येत न्हाय. सही तेवढी येते, म्हणजे येत होती. आता बोटांनी तीही बंद केली. म्हणून हे मी फोनमध्ये बोलतोय अन् माझी भाची पिंकी ते सरळ करून लिहितेय. मधेच एखादं शहाणपणाचं वाक्य लागलं तर ते तिचं समजा. मूर्खपणा सगळा माझा.

आमच्या चाळीत तब्येतीची विचारपूस करायला येतात त्या आशाताई म्हणाल्या, "काशिनाथभाऊ, तुम्ही सांगा तुमचं. ज्यांना झालाय त्यांना वाटेल, आपण एकटे न्हाय."

मी म्हटलं, "ताई, एकटे कुठले? अर्धी चाळ वाकून चालतेय."

पण सांगतो. ज्याला नुकताच झालाय त्यानं ऐकावं. पंधरा दिवसांत उठून पळेन असं ज्याला वाटतंय, त्यानं पण ऐकावं. बसून ऐका फक्त. उभं राहणं तुम्हाला जमणार न्हाय.

माझा धंदा

मी भिवंडीत डासांच्या अळ्या शोधायचो. पालिकेच्या ठेक्यावर. लोक सोनं शोधतात, नोकरी शोधतात, पोरीला स्थळ शोधतात. माझ्या नशिबी अळ्या.

घरोघर जायचं. पाण्याचं पिंप, वरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, सगळीकडं टॉर्च मारायचा. अळी दिसली की पाणी ओतून द्यायचं. वरच्या टाकीसारखं ओतता न येणारं असलं तर औषध टाकायचं. दारावर खडूनं खूण करायची अन् पुढचं घर. पाठीवर फवारणीचा पंप.

माझा जोडीदार रईसभाई. तो आधी लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. लूमच्या खडखडाटानं त्याचा एक कान गेला. म्हणून माझे विनोद त्याला निम्मेच ऐकू येतात, अन् म्हणूनच आमची जोडी इतकी वर्षं टिकली.

आता आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. कधी तेही न्हाय. बाईनं नळाला रांग लावून, भांडून, पिंप भरलेलं असतं अन् आम्ही दारात उभे, "ताई, ओतायला लागेल." ती काय आरती ओवाळेल?

"मेल्या, तुझा बाप भरतो काय पाणी?"

हे मी रोज ऐकायचो. पिंकी म्हणते बाकीच्या शिव्या लिहिणार न्हाय.

म्हणून मी एक युक्ती काढली. मी खेळ करायचो. खिशात बाटली, बाटलीत जिवंत अळ्या, बाटलीच्या तोंडाला लूमच्या कापडाचा तुकडा बांधलेला. "या ताई, बघा माझे कलाकार! उलटे लटकून श्वास घेतात." बायका जमायच्या. मग माझा खास आयटम. "अन् ह्यांच्यातला एक मोठा होऊन चावला, की आपले भाऊ सकाळी संडासला कसे जातात, बघा." अन् मी चिकनगुनियाची चाल करायचो. कंबर मोडलेली, गुडघे फाकलेले, हात कोंबडीच्या पायासारखे वळलेले. भिंत धरून, "आई गं, आई गं," करत अख्ख्या पडवीतून चालायचो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा एक म्हातारी हसता हसता खाली बसली.

अन् तेवढ्यात मागं रईसभाई पिंप ओतून मोकळा.

अशी आमची पद्धत. मी हसवायचो, तो ओतायचा. शिव्या पडायच्या, पण हसता हसता पडायच्या. साहेब म्हणजे आमचे वरचे साहेब, ते म्हणायचे, "काश्या, तुझ्या वॉर्डात तक्रार कमी येते." मला वाटायचं मी लई मोठा कलाकार.

बाटलीनं सांगितलं ते

हे थोडं ऐका, मग आजाराचं सांगतो.

आधी दिवाळी झाली की आमचं काम बसायचं. वज्रेश्वरीकडं माझं गाव, तिकडं तर सकाळी शेकोटी. डास कमी, अळ्या सुस्त. तेव्हा मी बाटली एकदा भरली की कितीतरी दिवस तेच कलाकार चालायचे. अळी अळीच राहायची. थंडीत तिला मोठं व्हायची घाई नसायची, माझ्या भावासारखी.

आता थंडी येतच न्हाय म्हटलं तरी चालेल. आली तर पाहुण्यासारखी येते, चहा पिऊन जाते. बाटली सोमवारी भरावी, तर आठवडा संपायच्या आत कापडाखाली डास भुणभुणतायत. खेळाच्या मधेच कलाकार उडायला तयार.

आमची सगळी मांडणी आठवड्याची. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, म्हणजे सगळी पिंपं रिकामी करा, अन् आठवड्याला आमची चक्कर. पण माणसं कमी झाली तशी आमची चक्कर लांबली, अन् उन्हानं डासाची आखूड झाली. आम्ही पोहोचायच्या आधी तो उडालेला.

मी साहेबांना बाटली दाखवायला गेलो. मोठा शोध लावल्यासारखा. साहेबांनी बाटलीकडं बघितलं पण न्हाय. म्हणाले, "माहीत आहे रे. मला माहीत आहे, माझ्या वरच्याला माहीत आहे. तू मला माणसं दे, मी उद्या चक्कर वाढवतो."

मी म्हटलं, "साहेब, माणसं माझ्याकडं कुठनं?"

"मग माझ्याकडं कुठनं?"

दोघांनी चहा घेतला. बाटलीतले डास बाटलीतच मेले. तेवढंच आमचं यश.

टाळ्या

तो दिवस दिवाळीनंतरचाच, पण पत्रा मे महिन्यासारखा तापलेला. आम्ही एका लूमच्या गाळ्यात. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून गाळ्यात पिंपं भरून ठेवतात, गोणपाटं भिजवतात. डासाला याहून चांगलं सासर मिळायचं न्हाय.

सकाळपासून माझं डोकं जड होतं. मनगटात कळ येत होती. मला वाटलं पंपामुळं. चहाची सुट्टी झाली, लूम थांबले, कामगार जमले. मी बाटली काढली, खेळ केला. मग चाल सुरू केली. वाकलो, हात वळवले, "आई गं" केलं, अन् गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सरळ व्हायला गेलो.

झालो न्हाय.

कंबर तिथंच अडकली. गुडघ्यात कुणी सळई घातल्यासारखं. मी खरंच "आई गं" केलं. ते ऐकून सगळे आणखी हसले. मी भिंत धरली. टाळ्या पडल्या. एकानं शिट्टी वाजवली. मी खाली बसलो अन् मला उठता येईना. मी म्हणतोय, "अरे खरंच, खरंच," अन् जितकं खरंच म्हणतोय तितके ते हसतायत.

रईसभाई पिंप ओतून आला. "चल उठ, काशीभाई. अगले गाले में जाना है."

"उठता येत न्हाय."

"हो गया तेरा. बस कर अब."

त्यानं माझा हात ओढला. मी असा ओरडलो की त्याच्या गेलेल्या कानालाही ऐकू गेलं असेल. मग त्यानं कपाळाला हात लावला. त्याचं तोंड बदललं. तो कामगारांकडं वळून म्हणाला, "हँसना बंद करो. ये सच में बीमार है."

तरी पण एक जण हसतच होता. त्याचा दोष न्हाय. इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं, की ही चाल दिसली की हसायचं.

नेटमध्ये

तापाचे पहिले दिवस घरी काढले. आता हे नीट ऐका, कारण इथं माझ्यासारखा गाढव दुसरा न्हाय.

ताप आलेल्या माणसानं मच्छरदाणीत झोपायचं, दिवसा पण. त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावला की आजार पुढं जातो. हे मी घरोघर सांगायचो. तोंडपाठ. अन् मी स्वतः खाटेवर उघडा पडलो, कारण नेट लावलं की पंख्याचं वारं लागत न्हाय.

माझी बायको मंदा काल्हेरला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. तिनं रजा टाकली अन् माझ्याजवळ बसली. कपाळावर पट्ट्या ठेवायची.

"अहो, नेट लावते."

"उकडतं गं."

"घरोघर सांगता तेव्हा लोकांना उकडत न्हाय?"

"त्यांना पगार न्हाय मिळत ऐकायचा. मला बोलायचा मिळतो."

ती हसली न्हाय. माझ्या विनोदावर मंदा कधीच हसत न्हाय. सगळी भिवंडी हसते, ही एक सोडून. पण तिनं नेटही लावलं न्हाय. माझंच ऐकलं.

ताप उतरेना, अंगावर पुरळ आलं. सरकारी दवाखान्यात डेंग्यू समजून भरती केलं. तिथं गेल्या गेल्या सिस्टरनं मला नेटमध्ये टाकलं. तेव्हा मात्र मी गुपचूप पडलो. घरी उकडत होतं, तिथं उकडायची हिंमत झाली न्हाय.

वॉर्डातला दिवस असा. सकाळी फिनाईलचा वास. मग रक्त काढायला एक पोरगी, ती शीर शोधायची तशी मी अळी शोधायचो, टॉर्च तेवढा नव्हता. मग चहा. स्टीलच्या ग्लासातला चहा. ग्लास समोर, मी समोर, अन् मधे माझी बोटं. ग्लास धरता यायचा न्हाय. मी वाकून, ग्लास टेबलावर तसाच ठेवून, मांजरासारखा ओठ लावायचो. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "चाचा, स्ट्रॉ मंगवाऊँ?" मी म्हटलं, "मागव, अन् एक छत्री पण लाव ग्लासला."

वॉर्डात पण जात असते. डेंग्यूवाले वरच्या जातीचे. त्यांच्या प्लेटलेट्स विचारायला नातेवाईक धावत यायचे. माझा रिपोर्ट आला, चिकनगुनिया, अन् माझा भाव एका मिनिटात पडला.

डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं. म्हणाला, "काका, घाबरू नका. यानं माणूस मरत नाही सहसा."

"मग सांधे?"

"वेळ लागेल."

"किती?"

तो माझ्या फाईलकडं बघत राहिला. "कुणाचे महिन्यात सुटतात. कुणाला वर्ष. काही सांगता येत नाही."

मला बरं वाटलं. खरं सांगतो, तेव्हा बरं वाटलं. म्हटलं मरत न्हाय ना, मग झालं.

यानं माणूस मरत न्हाय. हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं, चाळीत, दुकानात, साहेबांच्या तोंडून. आता कुणी म्हटलं की मला त्याला माझी बोटं दाखवावीशी वाटतात. पण वळलेली बोटं दाखवली की माणसाला वाटतं मी त्याला बोलावतोय.

मंदा

घरी आलो. सकाळचे सांधे सगळ्यात वाईट. ज्यांना झालाय त्यांना माहीत हाय. मंदा मला उठवायची, पँटचं बटण लावायची, दात घासायचा ब्रश माझ्या तोंडात धरायची. मी म्हणायचो, "लग्नात एवढी सेवा केली असतीस तर." ती म्हणायची, "तोंड उघडं ठेवा."

एका सकाळी मी खाटेवर होतो. मंदा उठून मोरीकडं निघाली. कंबर मोडलेली, गुडघे फाकलेले, भिंत धरून. मी बघितलं, अन् देवाशप्पथ, मला वाटलं ही माझी नक्कल करतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंदानं विनोद केला असं वाटलं.

मी हसलो.

ती मोरीच्या कट्ट्याला धरून थांबली. वळली न्हाय, तिला वळता येत नव्हतं. म्हणाली, "काशिनाथ, हसू नको."

लग्न झाल्यापासून तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. "अहो" सोडून शब्द न्हाय. मी तसाच तोंड उघडं ठेवून पडून राहिलो.

तिला घेऊन परत त्याच दवाखान्यात गेलो. रिक्षावाल्यानं आम्हाला दोघांना एकेक करून आत बसवलं, गोण्या बसवतात तसं. तोच डॉक्टर. मंदानं त्याला सरळ विचारलं, "यांच्यापासनं आला काय मला?"

डॉक्टर म्हणाला, "मावशी, तसं नक्की नाही सांगता येत. डास कुठलाही असू शकतो."

मंदानं माझ्याकडं बघितलं. नेटचं नाव तिनं तेव्हापासून आजपर्यंत काढलं न्हाय. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर जुळवून ठेवलं होतं, ते तसंच पडून हाय.

गोडाऊनमधनं तिला बोलावणं आलं, परत आलं, मग यायचं थांबलं. खोक्याला टेप लावायची तर मनगट फिरायला लागतं.

दोघं अशी. बरणीचं झाकण उघडायचं तर ती बरणी पोटाशी धरायची अन् मी दोन्ही तळहात झाकणावर दाबून अंग फिरवायचो. झाकण जागेवर, आम्ही दोघं फिरायचो. भाकरी बंद झाली, पाव सुरू झाला. बटणाच्या पँटी पेटीत गेल्या. मी आता इलॅस्टिकवाला माणूस हाय.

चांगलं पण सांगतो, न्हायतर तुम्ही म्हणाल नुसता रडतोय. रईसभाईची बायको डब्यात खिमा पाठवायची. हाडाचं मटण न्हाय, खिमा, कारण खिम्याला बोटं लागत न्हाईत. अन् रईसभाईनं गाळ्यातनं सुताचा कचरा आणला. आमचे दोन चमचे घेतले अन् त्यांच्या दांड्यांवर सूत गुंडाळत बसला, लूमवरचा माणूस गुंडाळतो तसं, घट्ट, एकावर एक, दांडी मक्याच्या कणसाएवढी जाड होईपर्यंत. बारीक दांडी मुठीत राहत न्हाय, जाड राहते. हे कुठल्या डॉक्टरनं त्याला सांगितलं न्हाय. ज्यांना झालाय त्यांनी चमच्याला सूत गुंडाळा. या सगळ्या बडबडीतली कामाची गोष्ट तेवढीच.

मंदानं तो चमचा धरून पहिला घास खाल्ला अन् रईसभाईला म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताला देव बरकत देवो." मग स्वतःच्या हाताकडं बघितलं.

गरम पाणी

आईनं गावावरनं निरोप पाठवला, कुंडात उतरा. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर आमच्याकडच्या लोकांचा भरवसा हाय. गुडघा दुखला, कुंड. खरूज झाली, कुंड. सून ऐकत न्हाय, तरी कुंड.

पिंकीनं रजा काढली, आम्हाला एसटीत बसवून नेलं. तिथं पायरीवर पोहोचलो अन् बघतो तर काय, सगळी आमचीच गर्दी. काठी धरलेले, भिंत धरलेले, एकमेकांना धरलेले. सगळ्यांची एकच चाल. मी आयुष्यभर केलेली नक्कल, कुंडाभोवती जत्रेसारखी फिरत होती.

एक म्हातारा मला म्हणाला, "कुठला रे?"

"भिवंडी. तुम्ही?"

"वरच्या पाड्यातला. आमच्याकडं कधी असलं नव्हतं. डास म्हणजे शहराची गोष्ट. आता आमच्याकडं पण थंडी न्हाय." मग माझ्या हातांकडं बघून, "तू काय काम करतोस?"

मी म्हटलं, "लूमवर." खरं सांगायची लाज वाटली.

पाण्यात हात घातले. गरम, गंधकाचा वास. अन् बघा, थोड्या वेळानं बोटं सुटली. एकेक करून सरळ झाली. मी मंदाला म्हटलं, "बघ, बघ!" तिनं पण हात घातला होता. ती पाण्याखाली बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत न्हाय.

मग बाहेर काढले. रस्ता ओलांडून स्टँडवर येईपर्यंत परत वळली.

पिंकी म्हणाली, "मामा, दर आठवड्याला येऊ." मी म्हटलं, "त्यापेक्षा कुंडातच खोली भाड्यानं बघ."

पंप

साहेबांनी माझी जागा धरून ठेवली होती. हे त्यांचे उपकार. पण ठेकेदारानं सांगितलं, पंप उचलणारा माणूस पाहिजे, किती दिवस धरायचं? साहेबांनी फोन केला, "काश्या, ये एकदा. उचलून दाखव. पाठीवर चढला अन् दांडा हलला, की मी तुला घेतो."

घरी तेवढाच एक विषय. मंदाचं गेलं होतं, माझं राहिलं तर घर राहील. मी रोज पाण्याची कळशी उचलून बघायचो. कळशी म्हणजे काय, तांब्या. तांब्यापासून सुरुवात. मंदा भिंतीला टेकून बघायची. "जमलं काय?" "जमतंय," मी म्हणायचो. तांब्या जमत होता.

गेलो. स्टोअरमध्ये साहेब, रईसभाई, ठेकेदाराचा माणूस. पंप भरलेला. सकाळी न्हाय, दुपारी गेलो मुद्दाम, सांधे सैल असतात म्हणून. रईसभाईनं मागनं पंप धरला, मी पट्ट्यांत हात घातले. पाठीवर चढला. साहेबांचं तोंड उजळलं. मला वाटलं झालं.

मग दांडा धरला. दाबला. मनगटातनं खांद्यापर्यंत वीज गेली अन् बोटं आपोआप उघडली. परत धरला. परत उघडली. रईसभाई मागनं पंप उचलून धरत होता, म्हणजे वजन माझ्या पाठीवर नव्हतंच, त्याच्या हातात होतं. ते ठेकेदाराच्या माणसाला दिसलं.

मी म्हटलं, "साहेब, पंप राहू द्या. मला नुसतं खेळ करायला ठेवा. चाल आता एकदम ओरिजनल झालीय."

कुणी हसलं न्हाय. साहेब म्हणाले, "बरा हो. मग बघू." अन् माझ्याकडं न बघता चष्मा पुसत राहिले.

रईसभाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "तेरे बिना गाली बहुत पड़ती है."

आमचं पिंप

शेवटचं सांगतो.

शेजारीण पाणी आलं की तिच्या पाईपनं आमचं पिंप भरून देते. भरतं, पण घासलं जात न्हाय. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात. पाणी बदललं तरी ती तिथंच. पिंप रिकामं करून, आत हात घालून, काथ्यानं घासायला लागतं. हे भिवंडीत माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. आत हात घालायचा तर हात पाहिजे. पिंकी सुट्टीला येते तेव्हा पिंप भरलेलं, अन् भरलेलं पिंप कोण ओतणार?

रईसभाईची चक्कर आमच्या चाळीत आली. एकटाच. नवा जोडीदार अजून मिळाला नव्हता. मंदानं खुर्ची दिली, म्हणजे पायानं सरकवली. तो म्हणाला, "पहले काम, भाभी." अन् टॉर्च घेऊन पिंपात वाकला.

पाणी स्वच्छ असलं की टॉर्च एक गोल फिरतो अन् विझतो. हे मला झोपेत पण कळतं. त्याचा टॉर्च एका जागी थांबला.

तो सरळ झाला. "साफ है."

"टॉर्च थांबला तुझा."

"अरे, साफ है बोला ना." त्यानं झाकण टाकलं अन् खडू काढला.

"रईसभाई, ओत."

मंदा खाटेवरनं म्हणाली, "कोण ओततंय? परवापर्यंत पाणी न्हाय. आपल्याला तर होऊन गेलाय. परत होत न्हाय म्हणाला डॉक्टर."

तेच तर. आम्हाला हा होऊन गेलाय. आमच्या पिंपातला डास आम्हाला काय करणार? तो चावणार शेजारणीला, जी पाईप देते. पण हे मी बोललो न्हाय. मंदासमोर डासानं कुणापासनं कुणाला काय दिलं, ते बोलायचं माझं तोंड न्हाय.

रईसभाई माझ्याकडं बघत उभा. मला ती नजर ओळखीची. घरोघर तो तसाच उभा राहायचा, माझा खेळ सुरू व्हायची वाट बघत. मी हसवलं की तो ओतणार.

मी खाटेवरनं उठलो. एवढंच केलं. पिंपाकडं निघालो. कंबर मोडलेली, गुडघे फाकलेले, हात कोंबडीच्या पायासारखे, भिंत धरून. त्यात नक्कल काही नव्हती. मधे एकदा "आई गं" निघालं, तेही खरं. पिंपाशी पोहोचलो, दोन्ही कोपर काठाला लावले अन् ढकललं. पिंप हललं पण न्हाय.

मंदा बघत होती. हसली न्हाय. ती कधीच हसत न्हाय. मग तीही उठली, तशीच, भिंत धरून आली, अन् माझ्या शेजारी तिनं तिचं कोपर लावलं.

"ओता, भाऊ," ती रईसभाईला म्हणाली. "यांच्याच्यानं होणार न्हाय."

त्यानं ओतलं. आम्ही कोपरं लावून होतो, पण ओतलं त्यानंच. दोन दिवसांचं पाणी दारातनं गटारात गेलं. अळ्या फरशीवर वळवळल्या अन् उन्हात थांबल्या. मग तो बाह्या सरसावून पिंपात अर्धा शिरला अन् घासायला लागला. आतनं त्याचा आवाज घुमला, "अगले हफ्ते भी मैं घिस दूँगा, काशीभाई. टेन्शन मत ले."

मी म्हटलं, "हो."

तो एकटा हाय. एवढा वॉर्ड, एक माणूस, एक कान. पुढच्या आठवड्यात तो यायचा न्हाय, त्याच्या पुढच्याला येईल कदाचित. डासाला तेवढे दिवस लागत न्हाईत. मी बाटलीत बघितलंय. रईसभाईनं पण बघितलंय. तरी तो "टेन्शन मत ले" म्हणाला अन् मी "हो" म्हटलं.

दारावर त्यानं खडूनं खूण केली. मग आम्ही तिघं कोरड्या पिंपाशेजारी बसलो. चहा करायला घरात पाणी नव्हतं.

आशाताई, ज्यांना झालाय त्यांना काय सांगू? चमच्याला सूत गुंडाळा. सकाळी उठायची घाई करू नका. नेट लावा, उकडलं तरी लावा. अन् ज्यांना अजून झाला न्हाय, त्यांनी उठा, आत्ताच उठा, अन् पिंप घासून घ्या. हात हायत तोवर घासा.

पिंकी, बंद कर हे. मला बटण दाबता येत न्हाय.